मुलाचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द



वैशाखातल्या धुळ्याच्या उकाड्यात माणसाने संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून स्वस्थ बसावे, हेच खरे शहाणपणाचे. ते सोडून आपण येथे आलात, आणि प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासारखा कोरडा विषय जाहीर झालेला असतानाही आलात, याबद्दल आम्ही प्रथम आपले आभार मानतो. चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘मुलांचे वाचन’ एवढेच आम्ही कळविले होते. त्यावरून कित्येकांची अशी समजूत झाली असेल की, आजची मुले वाचीत नाहीत, मोबाइलने त्यांचा नाश केला, आमच्या वेळी असे नव्हते, असा नेहमीचा सूर आम्ही लावणार. तो लावण्याची आमची इच्छा नाही. एक तर ‘आमच्या वेळी’ही फारशी मुले वाचीत नव्हती, हे आम्हांला पक्के आठवते. आम्हांला बोलावयाचे आहे ते शाळेतल्या दोन माणसांविषयी. एक शिक्षक आणि दुसरा ग्रंथपाल. ही दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याचा भुर्दंड आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बसतो.

धुळ्यात ‘संशोधन’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळीत ज्या माणसाने आयुष्य घालविले, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढून पुढे त्याचे बावीस खंड केले, त्याची सगळी मते आज कोणास पटोत वा न पटोत. परंतु ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची खोड त्यांनी या महाराष्ट्राला लावली. आता त्याच गावातल्या चौथीच्या मुलाकडे पाहा. त्याला शाळेत ‘प्रकल्प’ करावयास सांगतात. तो काय करतो? वडिलांच्या मागे गाडीवर बसून स्टेशनरीच्या दुकानात जातो, तेथे थोर पुरुषांचा, नद्यांचा, प्राण्यांचा तयार चित्रतक्ता मिळतो, तो कापून वहीत चिकटवितो, आणि खाली झेरॉक्सवाल्याकडून आणलेली माहिती आई सुवाच्य अक्षरात लिहून देते. प्रकल्पाला गुण मिळतात. ते आईला मिळावयास हवेत! त्या सगळ्या खटपटीत ‘कशावरून?’ हा शब्द एकदाही येत नाही.

हे का घडते? शिक्षक आळशी आहेत म्हणून, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांतले नाही. ज्या शिक्षकाला शिकवून उरलेल्या वेळात निवडणुकीच्या याद्या, खिचडीचा हिशेब आणि रोज नव्या नमुन्यात मागविलेली माहिती भरावी लागते, त्याने प्रत्येक मुलाच्या प्रश्नामागे पुस्तक शोधीत हिंडावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ते काम दुसऱ्या माणसाचे आहे, आणि तो दुसरा माणूसच शाळेत नाही.

सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की, प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत. फार चांगले. त्याच परिशिष्टात वरच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पण ग्रंथपाल हा शब्द त्यात नाही. माध्यमिक शाळेला पटसंख्येप्रमाणे पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ते पदच नाही. म्हणजे कायद्याने विहीर खणून दिली, दोर-बादलीची तजवीज राहिली. तेव्हा पुस्तके येतात, त्यांची नोंद होते, ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जातात, आणि किल्ली टेबलाच्या खणात जाते.

या किल्लीविषयी बोलण्याचा आम्हांला थोडा अधिकार आहे. आम्ही स्वतः काही वर्षे खानदेशातल्या एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होतो. शाळेचा प्राथमिक विभाग त्याच आवारात भरे. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद होई. दाखल नोंदवहीप्रमाणे एक जरी पुस्तक कमी भरले तरी खुलासा लिहून द्यावा लागे, आणि किंमत आपल्याच पगारातून वळती होईल ही धास्ती कायम मानेवर असे. लागोपाठ दोन वर्षे आमचा ‘हरवलेली पुस्तके’ हा रकाना निरंक राहिला, तेव्हा आम्हांला धन्यता वाटली. चौथीच्या बाई एकदा मधल्या सुट्टीत आल्या. आम्ही त्यांना तो रकाना मोठ्या हौसेने दाखविला. त्यांनी तो पाहिला, मग देवघेवीची वही मागितली आणि प्राथमिक विभागाचे पान उलटून पाहिले. तेही निरंकच होते. बाई काही बोलल्या नाहीत. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच सिद्धांत मांडले त्यांतला पहिलाच, पुस्तक वापरावयासाठी असते, हा आम्ही परीक्षेत उत्तम लिहिला होता. परीक्षेतच लिहिला होता.

पुढच्याच आठवड्यात बाई पुन्हा आल्या, आणि त्यांनी जे मागितले ते आम्हांला त्याआधी कोणी मागितले नव्हते. त्या म्हणाल्या, “सर, सोमवारी ‘आपला जिल्हा’ घ्यायचाय. पाठ्यपुस्तक दप्तरातच ठेवायला सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यात तालुके किती, एवढं मुलांनी स्वतः शोधायचं. तुमच्याकडे काय आहे?” आम्ही कपाटातून जे निघाले ते टेबलावर मांडले. जिल्ह्याची माहिती देणारी दोन-तीन पुस्तके, एक भिंतीवरचा नकाशा, एक जुने भूगोलाचे पुस्तक. ते जुने आम्ही बाजूला काढले. ते निर्लेखनाच्या यादीत घालावयाचेच होते. बाईंनी ते उघडून पाहिले आणि म्हणाल्या, “हे चुकीचं आहे ना? मग हेच पाहिजे.”

सोमवारी काय झाले ते सांगतो. मुलांचे गट केले होते. एका गटाने उत्तर आणले, दहा. दुसऱ्याने आणले, चार. वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गाने येऊन पाहावा असा होता. दोन्ही बाजूंची मुले आपापल्या पुस्तकावर बोट ठेवून ओरडत होती, “छापलेलं आहे!” छापलेले दोन परस्परविरुद्ध असू शकते, हा त्या मुलांच्या आयुष्यातला पहिला धक्का होता. बाईंनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिले. ठरल्याप्रमाणे आमचे काम तेथे सुरू व्हावयाचे होते. आम्ही दोन्ही पुस्तकांचे नावाचे पान उलटून त्याची मागची बाजू दाखविली. तेथे बारीक अक्षरात पुस्तक छापल्याचे वर्ष असते, हे त्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर बाईंनीही वर्गाला ते कधी दाखविले नव्हते. एक पुस्तक १९९८ च्या आधीचे, एक नंतरचे. मग मधे काय झाले? १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके तिकडे गेले. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा हे चार इकडे राहिले. एका मुलीने फळ्यावर दहा वजा सहा करून दाखविले. शहाद्याकडे मामाचे गाव असलेला एक मुलगा मात्र हिरमुसला. मामा परजिल्ह्यात गेले हे त्याला त्या दिवशी कळले.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. बाईंनी घरी विचारून यावयास सांगितले, आणि एक मुलगी आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. त्यावर जिल्हा होता ‘पश्चिम खानदेश’. तेव्हा पुन्हा शोध सुरू झाला. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळ्यास होते. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आणि महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली पूर्व खानदेशाचे नाव जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे झाले. जळगाव जिल्हा केव्हा झाला, असे विचारले तर कोणी १९०६ म्हणेल, कोणी १९६० म्हणेल, आणि दोघेही खोटे बोलत नसतील. पुस्तकाला प्रश्न विचारण्याआधी स्वतःचा प्रश्न नीट केला पाहिजे, हे आम्ही पदवीच्या वर्गांतही इतके स्वच्छ शिकविलेले पाहिले नाही. पुढे महिनाभर ती मुले हातात येईल त्या वस्तूवरचे साल वाचीत होती. बिस्किटाच्या पुड्यावरचेसुद्धा. एका पालकांनी तर तक्रार केली की, पोरगा घरातली औषधे फेकून द्यावयास लावतो.

या एका पाठासाठी आम्हा दोघांना किती वेळ लागला? मधल्या सुट्टीतला अर्धा तास. बाईंना वर्गात काय बिघडू शकते ते माहीत होते, आम्हांला कपाटात काय आहे ते माहीत होते. दोघांपैकी एकट्याला हा पाठ साधला नसता. एकटे आम्ही ते जुने पुस्तक रद्दीत काढले असते, आणि एकट्या बाईंना ते आहे हेच कळले नसते.

आता आमच्या फजितीचीही एक हकीकत सांगितली पाहिजे. पांझरेच्या काठच्या एका गावातले गुरुजी आमच्या ओळखीचे. त्यांच्या चौथीत ‘पाणी’ चालले होते आणि एका मुलाने सरळ विचारले, “गुरुजी, हाऊ बंधारा कोनी बांधा?” पाठ्यपुस्तकात त्या बंधाऱ्याचे नाव असणे शक्यच नव्हते. गुरुजींनी तो प्रश्न चिठ्ठीवर लिहिला आणि दहा-बारा मुलांना घेऊन आमच्याकडे आले. आम्हांला स्फुरण चढले. ‘सिंचन’ या मथळ्याखाली जे जे होते ते सगळे, जाडजूड अहवालांसह, आम्ही मुलांपुढे ठेवले. मुलांनी काय करावे? त्यांनी इमानेइतबारे उतारे उतरवून काढले. एकालाही त्यातला एक शब्द कळला नाही. एक मुलगा सूचीच्या खणाशी उभा राहून कार्डे उलटीत होता. तो ‘पाट’ शोधीत होता, मग ‘फड’ शोधला. ‘पाट’ नव्हता. ‘फड’ होता, तो तमाशाचा.

येथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. फड म्हणजे काय हे येथल्या श्रोत्यांना सांगावयास नको, तरी तरुण मंडळींसाठी थोडे सांगतो. पांझरा, मोसम या नद्यांवर जुन्या काळापासून लहान लहान बंधारे आहेत. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने काढावयाचे आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडात त्या वर्षी एकच पीक. पाणी कमी पडले तर सर्वांनाच कमी. एकाचा ऊस हिरवा आणि शेजाऱ्याचा गहू करपलेला, असे चालावयाचे नाही. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि तंटा मिटवावयास पंच. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, त्यात पुष्कळ फड मोडले. पण शब्द अजून त्या गावांच्या तोंडी आहेत. हे सगळे शब्द त्या मुलाच्या घरचे. आमच्या कार्डांवर त्यांतला एकही नव्हता. आणखी एक गंमत अशी की, ड्यूईच्या दशांश पद्धतीत नदीचे पाणी भूशास्त्राबरोबर ५५१ मध्ये जाते, बंधारा स्थापत्याबरोबर ६२७ मध्ये, आणि शेताला दिलेले पाणी शेतीबरोबर ६३१ मध्ये. मुलाच्या डोळ्यांपुढे जे एकच पाणी वाहत असते ते आमच्या ग्रंथालयात तीन कपाटांत विभागलेले! ही व्यवस्था चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही, ती विद्वानांच्या सोयीची आहे. पण मुलाचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द यांच्यामध्ये कोणी उभे राहिले नाही, तर मूल रिकाम्या हाताने परत जाते आणि आपल्या घरचा शब्द ग्रंथालयात चालत नाही एवढे मात्र शिकून जाते.

मुलाचा शब्द शिक्षकाला ठाऊक असतो; पुस्तकाचा शब्द ग्रंथपालाला. त्या संध्याकाळी गुरुजी आणि आम्ही बसलो आणि नवी कार्डे लिहिली. ‘पाट – सिंचन पाहा.’ ‘फड (शेतीचा) – सिंचन पाहा.’ ‘बंधारा’, ‘पाटकरी’, ‘थळ’. तीन कपाटांतून मुलांना झेपतील अशी चारच पुस्तके निवडली. १८८० सालचे खानदेशचे गॅझेटियर जुन्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळते, त्यात पांझरेच्या बंधाऱ्यांचा मजकूर आहे. तो इंग्रजीत, तेव्हा गुरुजींनी वाचून मुलांना आपल्या बोलीत सांगितला. आणि मग मुलांना गावातल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे पाठविले, प्रत्येकाला एकेक प्रश्न देऊन. बंधारा कोणी बांधला याचे एकच उत्तर मिळाले नाही. पाटकरीबाबांनी एक सांगितले, पुजाऱ्यांनी दुसरे, पुस्तकात तिसरेच. मुलांनी तिन्ही लिहिली आणि प्रत्येकासमोर ‘कोणी सांगितले’ तेही लिहिले. राजवाड्यांच्या मंडळाने नापसंत करावे असे त्यात आम्हांला तरी काही दिसले नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाइलला विचारले की क्षणात उत्तर येते, मग कार्डे कशाला लिहिता? उत्तर येते, हे खरे. दहा तालुकेही येतील आणि चारही येतील. मागच्या पानावरचे साल मात्र तेथे सहसा दिसत नाही. ज्या मुलाने ते साल एकदा पुस्तकात पाहिले आहे, तेच मूल पडद्यावरही ते शोधील. याहून अधिक या विषयावर आम्हांला बोलावयाचे नाही.

हा विचार आमचा नवा आहे असेही नाही. आपल्या पश्चिमेच्या शेजारी, बडोद्यात, सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि चारच वर्षांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास आणून ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. जो वाचावयास शिकला त्याला वाचावयास काही मिळाले नाही तर तो पुन्हा निरक्षर होतो, हे महाराजांनी ओळखले होते. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जात. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच गाडीची दोन चाके, हे तेथे शंभर वर्षांपूर्वी समजले. परदेशांत तर शाळेचा ग्रंथपाल हा शिक्षकाचा जोडीदार मानून पाठ ठरवितात. १९९९ च्या युनेस्कोच्या शालेय ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात हीच गोष्ट मांडलेली आहे की, दोघे मिळून काम करतात तेथे मुलांचे वाचन आणि आकलन वाढते. आमच्याकडे असे जाहीरनामे सभेत वाचून दाखविण्याची चाल आहे.

तेव्हा करावयाचे काय? प्राथमिक शाळांच्या समूहाला मिळून तरी एक ग्रंथपाल असावा, ही मागणी सोडू नये. हौसेवर चाललेले काम पदाची जागा घेऊ शकत नाही, आणि अर्धवेळ ग्रंथपालाचे पोट कसे चालते हे आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु पद मंजूर होईपर्यंत आजची चौथी थांबणार नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, आणि आज त्यांची संख्या दहा हजारांवर आहे. जळगावचे जिल्हा वाचनालय तर १८७७ पासून चालत आलेले. यांतल्या ग्रंथपालांना शाळेची पायरी चढावयास कोणी बोलाविले आहे काय? केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात; तेथे गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला एक खुर्ची द्या आणि पुढच्या महिन्यात कोणता पाठ येणार ते त्याला सांगा, एवढेच पुरे. आणि येथे बसलेल्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने आपल्या आहेत. पुढच्या बैठकीत कुंपणाच्या आणि रंगाच्या विषयानंतर एक प्रश्न विचारा, देवघेवीची वही पाहू. पुस्तक हरवले तर शिक्षकाच्या पगारातून कापणार नाही, असा ठरावही त्याच बैठकीत करा. त्या ठरावाशिवाय किल्ली खणातून बाहेर यावयाची नाही.

एक अडचण राहते, आणि ती शिरपूर, चोपडे, यावल या बाजूच्या सातपुड्यातल्या शिक्षकांनी आम्हांला सांगितली. तेथे मुलाच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात. तेथल्या मुलाचा शब्द जोडावयाचा कोठे? त्याच्या झाडाविषयी, त्याच्या नदीविषयी कपाटात पुस्तकच नाही. यावर आमच्यापाशी एकच उत्तर आहे आणि ते याच भूमीतले आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी त्यांची गाणी वेळोवेळी टिपून ठेविली, म्हणून बाई गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि आज त्यांचे नाव या भागाच्या विद्यापीठाला आहे. टिपणारा घरात नसता तर? साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. तेथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. छापखान्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

पांझरेकाठच्या त्या चौथीनेही तसेच केले. पाटकरीबाबांनी सांगितलेले, पुजाऱ्यांनी सांगितलेले आणि गॅझेटियरातले, असे सगळे मुलांनी चाळीस पानांच्या वहीत लिहिले, अर्धे अहिराणीत आणि अर्धे मराठीत, चित्रांसह. आम्ही तिला पुठ्ठ्याची बांधणी केली आणि दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक दिला. किंमतीच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडला. तो रकाना आम्ही कोरा ठेवला, आणि तपासणीच्या वेळी त्याबद्दल आम्हांला खुलासा द्यावा लागला. त्यानंतरच्या वर्षी तिच्यातली दोन पाने फाटली, कारण ती वही सारखी कोणाच्या तरी घरी असे. आम्ही ती दोनदा चिकटवून घेतली आहेत.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे पाहिलेत ते आम्ही पाहिले. मागे दोन शिक्षिका हात वर करून बसल्या आहेत. त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत अशी विनंती आहे.